डाव्या कुशीवर

गेल्या वर्षी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात परिषद होती आणि तिथे मला पेपर वाचायचा होता. विषय आमच्या सरांनी ठरवून दिलेला. आपल्या भागात वैद्यकशास्त्राचा विकास कसा होत गेला, तंत्रज्ञान, शिक्षण आणि पर्यटन अशा तिन्ही अंगांनी. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन विभागात नोकरी करते. डॉक्टर नाही मी. गावोगाव जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे, जमलेली माहिती नीट लावायची, तिचे तक्ते करायचे, हे माझं काम. तर हा पेपर मी कितीदा लिहायला घेतला आणि कितीदा सोडला, त्याला गणती नाही. कुठलाही भाग काढला तरी त्यात आबा येऊन बसायचे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ती मोकळी करता आली असती, सरकारी योजनेत, छाती न उघडता. आबांनी ती करू दिली नाही. भीती वाटली म्हणून नाही, पैसा नव्हता म्हणूनही नाही. झडप मोकळी झाली असती तर त्यांच्या छातीतला आवाज गेला असता, आणि तो आवाज त्यांना हवा होता. आता हे पेपरात कुठल्या मथळ्याखाली घालणार? म्हणून इथे लिहितेय. मी तोंडाची फटकळ आहे, आबांवर अजून रागावलेली आहे, आणि हे सगळं शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

आमचं घर मावळातल्या परंदवडीचं. आबांना लहानपणी एकदा मोठा ताप आला होता, गुडघे आणि घोटे सुजले होते. आजीने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, ताप उतरला, सूज गेली आणि सगळे ते विसरून गेले. त्या तापाने झडपेचं जे वाटोळं करायचं ते करून ठेवलं होतं, पण ते कळायला अर्धं आयुष्य जावं लागलं. आबांची शाळा चौथीत सुटली. तिथे ते मागच्या रांगेत बसायचे आणि गुरुजींनी त्यांना कधी नाव घेऊन उठवलं नाही, असं ते सांगायचे. पुढे थोडी भातशेती आणि जवळच्या कारखान्यात लोडिंगचं काम. दम लागायला लागला तेव्हा कारखान्याने त्यांना गेटवर बसवलं. वय झालं, दुसरं काय, असं ते म्हणायचे. तेव्हा त्यांचं वय काही झालेलं नव्हतं.

मग एका रविवारी आमच्या विहारात आरोग्य शिबिर झालं. कॉलेजातली शिकाऊ पोरं-पोरी आली होती. त्यातल्या एका चष्मेवालीने आबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, कपाळाला आठ्या घातल्या, आबांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि एकदम धावत जाऊन बाकीच्यांना घेऊन आली. सगळी पोरं रांग लावून आबांची छाती ऐकायला लागली. शेवटी त्यांचे सर आले, ज्यांच्या हाताखाली मी आज काम करते तेच. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, वा, काय सुंदर मर्मर आहे.

आई मागेच उभी होती. ती फार बोलणारी बाई नाही, पण बोलली की झोंबतं. आजाराला सुंदर म्हणतात का हो तुमच्यात, असं तिने सरळ विचारलं. सर ओशाळले. त्यांनी हात जोडले आणि आम्हाला समजावून सांगितलं की हृदयातली ही झडप म्हणजे दोन फळ्यांचं दार, आणि आबांचं दार नुसतं किलकिलं उघडतं. त्या फटीतून रक्त घुसतं त्याची ती गुरगुर, तिलाच ते मर्मर म्हणतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, तपासण्या करायला बोलावलं आणि जाता जाता विचारलं की आबा, आमच्या मुलांच्या परीक्षेला याल का? डॉक्टरकीची परीक्षा खऱ्या पेशंटवर होते, तुमच्यासारखा पेशंट आम्हाला शोधून मिळत नाही.

आबा लगेच व्हय म्हणाले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आबांची तयारी बघण्यासारखी असायची. दाढी, नखं, पांढरा शर्ट इस्त्रीला. अंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावायची त्यांची सवय, पण त्या दिवशी तेल बंद, कारण तेलाने नळी घसरते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नळी म्हणजे स्टेथोस्कोप. कॉलेजात एका वॉर्डात अशा सगळ्या पेशंटांना ओळीने झोपवलेलं असायचं. कुणाची पोटातली पाणथरी वाढलेली, कुणाच्या फुप्फुसाभोवती पाणी झालेलं, कुणाचा हात थरथरणारा. ह्या पेशंटांचा एक रिवाज आहे. समोरचं पोरगं फारच घाबरलेलं दिसलं, की परीक्षकांची पाठ वळल्यावर ते हळूच सांगून टाकतात, बाळा, मला अमुक झालंय. सगळ्या वॉर्डात ही कुजबुज चालते. आबांना ते पटायचं नाही. कॉपी ती कॉपी, म्हणायचे.

पण पोरांची तोंडं बघून त्यांचाही जीव तुटायचा. त्यावर त्यांनी आपली वाट काढली होती. ही गुरगुर उताणं झोपल्यावर नीट ऐकू येत नाही. माणूस डाव्या कुशीवर वळला आणि श्वास सोडून थांबला, की खालच्या सुरात ऐकू येते. तर एखादं पोरगं नळी घेऊन भलतीकडेच चाचपडत असलं, की आबा पाठ अवघडल्यासारखं करायचे, जरा कण्हायचे आणि डाव्या कुशीवर वळायचे. ज्याला कळायचं त्याला कळायचं. नाही कळलं तर आबा पुन्हा सरळ होऊन पुन्हा वळायचे.

"मी कुनाला काय सांगत न्हाई," ते आम्हाला बजावायचे. "मी निसता वळतो."

निकाल लागला की पोरं पेढे घेऊन यायची. पाया पडायची. एकाने तालुक्याच्या गावी दवाखाना काढला आणि उद्घाटनाला आबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्या खुर्चीची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलीय की तिचा रंगसुद्धा मला पाठ आहे. लग्नकार्यात आबांची ओळख करून देताना लोक म्हणायचे, ह्यांच्या छातीवर डॉक्टर शिकतात. मी बारावीला होते तेव्हा आबांच्या डोक्यात मला डॉक्टर करायचं होतं. मार्क पडले नाहीत. ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण रुग्णालय व्यवस्थापनाचा कोर्स करून मी त्याच कॉलेजात लागले तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं की आता आम्ही बाप-लेक एकाच ठिकाणी कामाला आहोत.

मला हसू यायचं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटायचा. मग दम वाढायला लागला.

दर वर्षी आम्ही कार्ल्याच्या लेण्यांना जायचो. विहारातली सगळी मंडळी टेम्पो करून निघायची, वर जाऊन वंदना घ्यायची, खाली येऊन डबे खायची. आधी आबा सगळ्यांच्या पुढे पायऱ्या चढायचे. मग मध्ये बसत बसत. मग एका वर्षी ते खालच्या स्टॉलवर लिंबू सरबत घेऊन बसले आणि म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी चपला राखतो. चपला वरच काढतात. मी वरून खाली बघितलं तर ते वर बघत बसले होते.

त्याच सुमारास कॉलेजात इकोचं नवीन मशीन आलं होतं. सरांनी पडद्यावर मला आणि आबांना झडप दाखवली. दोन पांढऱ्या रेघा, धड उघडत नव्हत्या. आता वेळ आली, सर म्हणाले. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा आणि काढून घ्यायचा. दार मोकळं. दोन-तीन दिवसांत माणूस घरी. आबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, मग आवाज राहतो का? सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, आवाज कमी होईल, बहुतेक जाईलच. तो जायलाच पाहिजे, आबा.

घरी येऊन आबा म्हणाले, एवढी परीक्षा होऊ दे. ती झाली तर फेरपरीक्षा आली. ती झाली तर पुढचं शिकणाऱ्या मोठ्या डॉक्टरांची आली. वैद्यकीय कॉलेजात कुठली ना कुठली परीक्षा तोंडावर असतेच, आणि प्रत्येकीला आबांचं कारण तयार. एकदा मी भांडून त्यांना दाखल केलं. फुगा घालायच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलाने सहज सांगितलं की पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे. झालं. मी डबा घेऊन गेले तर खाट मोकळी, आबा एसटीने घरी, मनगटाला दवाखान्याची पट्टी तशीच. सर तिकडे हात चोळत बसले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अंगणात उभी राहून अद्वातद्वा बोलले. देशात सडक्या झडपांचा काही तुटवडा नाही, म्हटलं, पोरांना दुसरा कुणीही मिळेल, आम्हाला दुसरा बाप कुठून मिळणार? आबा ओट्यावर बसून होते. गेटवरची नोकरीही तेव्हा सुटली होती, शेताकडे जाणं कधीच बंद झालं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"पोरी," ते म्हणाले, "मला दुसरं काय येतं?"

आई आतून भांडी आपटत होती. आम्हाला आवाज नको, तुम्ही हवे आहात, असं मी म्हणाले. त्यांना ते समजलंच नाही. मी काय कुठं चाललोय का, असं म्हणून त्यांनी मनगटाची पट्टी कात्रीने कापायला सांगितली.

आता पर्यटनाचं. लोणावळ्याला हवापालटासाठी लोक पूर्वीपासून येतात. आता त्याला मोठं नाव आलंय, जागा झाल्यात. मुंबईत किंवा पुण्यात ऑपरेशन करून घ्यायचं आणि इथल्या टेकडीवर चार आठवडे राहायचं, नर्स, आहार, योग, सगळं तिथेच. परदेशातूनही येतात. सरांना ह्यावर माहिती हवी होती म्हणून मी अशा एका आरोग्यधामात प्रश्नावली घेऊन जात होते. दुपारी आंदर मावळात, जिथे आजारी माणसाला रस्त्यापर्यंत झोळीतून आणतात त्या वाड्यांवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथल्या हिरवळीवर, असं माझं चालायचं. ह्यावर मला खूप बोलता येईल, पण ते पेपरात लिहून झालंय.

तिथे मला एक काका भेटले. आबांच्याच वयाचे, मुंबईचे, गप्पिष्ट. त्यांची झडप तीच, ताप तोच, फुगाही करून झालेला. काल कार्ल्याला वर जाऊन आलो, म्हणाले, बसलोसुद्धा नाही मध्ये. मी त्यांना आबांचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. घेऊन या त्यांना, म्हणाले.

मी आबांना खोटंच सांगितलं की लोणावळ्यात एक केस बघायची आहे. केस म्हटल्यावर आबा शर्ट घालून तयार. हिरवळीवर दोघे बसले, तापाच्या गोष्टी झाल्या, कोणत्या बाजूचा गुडघा आधी सुजला तेही झालं. मग काकांनी नर्सकडून नळी मागवली, आबांच्या कानाला लावली आणि स्वतःहून हिरवळीवरच डाव्या कुशीवर आडवे झाले. आबांनी नळीची छोटी बाजू, खालच्या सुरासाठी असते ती, लावली, जागा शोधली, श्वास सोडून थांबायला सांगितलं. इतकी पोरं त्यांची छाती ऐकून गेली होती, पण ते कुणाची ऐकतायत असं मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी फार वेळ ऐकलं. मला वाटलं, आता समजेल, आता पाझर फुटेल.

त्यांनी नळी काढून हातात धरली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रिकामं हाय गं."

परत येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले. कार्ल्याचा फाटा आला तेव्हा त्यांनी डोंगराकडे मान वळवून बघितलं, तो मागे जाईपर्यंत बघितलं. माझ्या मनात पुन्हा आशा आली. मी म्हटलं, बघा, ते काका वर जाऊन आले. आबा म्हणाले, भला माणूस आहे, पण त्याला आता कोण परीक्षेला बोलवणार? मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

तंत्रज्ञान शेवटी आलं. आमच्या कॉलेजात एक नवी प्रयोगशाळा झाली. प्लास्टिकची माणसं, त्यांच्या छातीत यंत्र, टॅबवर आजार निवडला की छातीतून तो आवाज. तयार आवाज परदेशातले मिळतात, पण सरांना आपल्या पेशंटांचे हवे होते. त्यासाठी संशोधनाचा एक प्रकल्पच मंजूर झाला आणि पहिलं नाव अर्थात आबांचं. एका बंद खोलीत, पंखासुद्धा बंद करून, आबा डाव्या कुशीवर झोपले. श्वास सोडायचे, थांबायचे, पुन्हा घ्यायचे. त्यांना तेव्हा नीट थांबवतही नव्हतं. घामाने शर्ट भिजला, तरी अजून एकदा घ्या, मघाशी खोकला आला, असं तेच म्हणत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, आता मी गेलो तरी पोरांचं अडणार नाही. मी त्यांच्यावर खेकसले.

पण माझ्या डोक्यात त्याच वेळी लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, आबा, आवाज आता कॉलेजात जपून ठेवलाय ना? मग तुमच्या छातीतला गेला तर काय बिघडलं? आबा नुसतं हसले आणि रिक्षाला हात केला.

पुढच्या परीक्षेला आबांना बोलावणं आलं नाही. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांची तब्येत आता इतकी पोरं सोसण्यासारखी नाही, आपण पुतळ्यावर भागवू. बरोबरच होतं ते. मी घरी सांगितलंही. तरी त्या दिवशी सकाळी आबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले. मी कामाला निघाले तेव्हा बसले होते, संध्याकाळी आले तेव्हाही बसले होते. आईने सांगितलं की जेवायला आत आले, पण शर्ट काढला नाही, न जाणो ऐनवेळी फोन आला तर. मला तेव्हा त्या प्लास्टिकच्या पुतळ्यांना पेटवून द्यावंसं वाटलं.

नंतर थोड्या दिवसांनी आबा आपणहून म्हणाले की चल, फुगा करून घेऊ. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोकेफोड केली ते असं चहा पिता पिता मिळालं. आईने त्या दिवशी शेवयाची खीर केली. खीर खाताना आबा म्हणाले, पुढल्या बारीला मी वर येतो लेण्यांत, चपला तू राख.

पुन्हा इको झाला. सर पडद्याकडे बघत राहिले. हृदयाचे ठोके आता वेडेवाकडे पडायला लागले होते आणि वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी झाली होती. गुठळी असताना आत फुगा घालता येत नाही, ती सुटून मेंदूत जाऊ शकते. छाती उघडून करावं, तर फुप्फुसांत ती ताकद उरली नव्हती. आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या, गुठळी विरघळायची वाट बघायची, मग फुगा. आबांनी विचारलं, मागल्या वर्षी आलो असतो तर? सर म्हणाले, त्याचा विचार आता करू नका. दारापाशी सर मला हळूच म्हणाले की मागच्या वर्षी काहीच अडचण नव्हती.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत आबांना आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकली की छातीत पाणी भरल्यासारखा दम कोंडायचा आणि ते धडपडून उठायचे. आईने घरातल्या सगळ्या उश्या, जुन्या गोधडीची वळकटी, बैठकीतला लोड, सगळं भिंतीला लावून त्यांना टेकवून बसवलं. जरा डोळा लागला आणि ते घसरले की ती पुन्हा वर ओढून घ्यायची. मी करते म्हटलं तरी तिला चालायचं नाही. तुला त्यांचा कोन जमत नाही, म्हणायची. आबा आईची चेष्टा करायचे, राजासारखा बसवलाय मला, आता पंखा वार. ती वारायचीही.

गुठळीने वाट बघितली नाही. एका सकाळी आई चहाचा कप घेऊन आली तर आबांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलायला बघतायत आणि नुसता घशातून आवाज. आम्ही त्यांना आमच्याच कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथे कामावर होती ती विहारातली चष्मेवाली, ती आता मोठी डॉक्टर झाली होती. तिने जे जे करतात ते सगळं केलं. दुपारी आबा गेले. आबा गेल्यावरही तिने स्टेथोस्कोप त्यांच्या छातीवर तसाच धरून ठेवला होता. नर्सने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने तो उचलला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

पुण्यानुमोदनाला डॉक्टर पोरं किती आली होती, काय सांगू. गल्लीत गाड्या मावेनात. सगळी आबांबद्दल चांगलं बोलत होती आणि माझं डोकं फिरत होतं. तुमच्या पेढ्यांनीच माझा बाप नेला, असं ओरडावंसं वाटत होतं. पण त्या पोरांचा काय दोष? ती चौथीच्या वर्गात आबांना मागे बसवायला नव्हती. त्यांनी तर त्यांना पुढची खुर्ची दिली. मग राग कुणावर काढू, हे मला आजवर कळलेलं नाही, म्हणून तो आबांवरच राहिलाय.

पेपर मी वाचला. तंत्रज्ञान, शिक्षण, पर्यटन, तिन्ही भाग वेळेत बसवले. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक बाई म्हणाल्या की तुमच्या कॉलेजच्या ध्वनिसंग्रहातला झडपेचा आवाज फारच स्पष्ट आहे, आम्हीही तो वापरतो. मी आभार मानले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

घरी आल्यावर हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, म्हणजे ते अजून वाजतंय? मी हो म्हटलं. तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं, म्हणाली की मला एकदा ने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावातल्या शिबिरापासून शेवटपर्यंत इतक्या लोकांनी ती छाती ऐकली, पण आईच्या कानाला नळी कुणी कधी लावलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

मी तिला एका सुट्टीच्या दिवशी घेऊन गेले. ती चांगलं लुगडं नेसली होती. प्रयोगशाळेच्या दारात तिने चपला काढल्या, तिथल्या मुलीने काढू नका मावशी म्हटलं तरी काढल्या. आत खाटेवर तो प्लास्टिकचा माणूस पांढरी चादर घालून सपाट झोपवलेला. छाती उघडी, डोळे मिटलेले. त्या मुलीने आईला स्टुलावर बसवलं, नळी तिच्या कानाला लावली, टॅबवर काहीतरी दाबलं आणि दुसरं टोक पुतळ्याच्या छातीवर ठेवलं.

आई ऐकत राहिली. तिचा चेहरा हलला नाही. मग तिने एक हात पुढे करून पुतळ्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला आपल्याकडे ओढायला लागली. मुलीला वाटलं तिला कुशीवर करायचंय. ती समजावून सांगायला लागली की मावशी, ह्याला वळवावं लागत नाही, कसाही ठेवला तरी सारखाच ऐकू येतो. आईने नळी एका कानातून काढली.

"त्यांना असं उतानं नका झोपवू," ती म्हणाली. "दम लागतो त्यांना."

मुलीने माझ्याकडे बघितलं. ती गेली आणि शेजारच्या खोलीतून दोन उश्या घेऊन आली. आम्ही दोघींनी मिळून त्याला उचलून धरलं, आणि आईने उश्या नीट लावल्या, एक पाठीला, एक मानेखाली, मागे सरून कोन बघितला, आणि नळी पुन्हा कानाला लावून बसली.